थंडीतली यात्रा आणि सक्तीचा विसावा

मार्गशीर्ष लागला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न दरवर्षी न चुकता येतो. विचारणारा बहुधा मुलगा असतो किंवा सून. ज्यांच्याविषयी तो विचारला जातो ते शेजारच्याच खुर्चीत, काहीशा अपराधी चेहऱ्याने बसलेले असतात. ‘‘डॉक्टर, यांना यात्रेला जायचे आहे. आता तुम्हीच सांगा, या वयात, या थंडीत...’’ वाक्य पुरे होत नाही. ते पुरे करण्याची, म्हणजे नकार देण्याची, जबाबदारी माझ्यावर टाकलेली असते.

बरीच वर्षे मी ती निमूटपणे पार पाडली. नकार देणे सोपे असते. त्यात डॉक्टरला धोका नसतो. अलीकडे मात्र मी तसे करीत नाही. त्याला कारण माझे मोठे मामा.

मामा आज ८१ वर्षांचे आहेत. मूळचे कंधारकडचे शेतकरी. दारात लाल कंधारी बैलांची जोडी आणि सोबतीला एक कारवानी कुत्रा, असा त्यांचा जुना संसार. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी जवळ आली की ते माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला निघत. नांदेड-लातूर रस्त्यावरचे, लोहा तालुक्यातले हे माळेगाव ऐन हिवाळ्यात माणसांनी आणि जनावरांनी फुलून जाते. घोडे, गाढवे, उंट विक्रीला येतात, पशुप्रदर्शन भरते, त्यात श्वानांचीही स्पर्धा असते. कुत्र्याला इथे मानच आहे. खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा असतो आणि देवाला वाहिलेले वाघ्ये पूर्वी स्वतःला त्याचे कुत्रे मानून कोटंब्यातून प्रसाद घेत. याच महिन्यात दत्तजयंती येते, आणि दत्ताच्या पायाशीही चार कुत्रे आहेतच. मामांनी तरुणपणी आपला मोती त्या प्रदर्शनात उभा केला होता. बक्षीस मिळाले नाही, पण ती गोष्ट मी त्यांच्याकडून किमान पन्नास वेळा ऐकली आहे.

शेती सुटली. मामा-मामी मुलाकडे छत्रपती संभाजीनगरला आले. रक्तदाब, जुना दमा, गुडघे यांचा विचार करून माळेगाव बंद झाले. दोन वर्षांपूर्वी मामांनी तडजोड सुचवली: ‘‘माळेगाव नको तर नको, निदान चंपाषष्ठीला साताऱ्याच्या खंडोबाला न्या.’’ शहराला लागून, डोंगराच्या पायथ्याशी असलेले हे देऊळ घरापासून फार लांब नाही. घरात सल्लामसलत झाली. माझेही मत विचारले गेले आणि मी नेहमीचाच नकार दिला.

चंपाषष्ठीच्या पहाटे मामा कोणाला न सांगता एकटेच निघाले. अंगावर सदरा, धोतर आणि एक उपरणे. रिक्षा मिळाली नाही म्हणून काही अंतर ते चालत गेले. सकाळी साडेसातच्या सुमारास देवळाजवळच्या एका ओट्यावर ते ओळखीच्या माणसाला दिसले. बसलेले होते, पण प्रश्नाला धड उत्तर देत नव्हते. जीभ जड झाली होती. विशेष म्हणजे ते कुडकुडतही नव्हते. रुग्णालयात नेल्यावर त्यांच्या शरीराचे तापमान चौतीस अंशांच्या थोडे वर भरले.

वाचकहो, शरीराच्या आतील तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्या अवस्थेला हायपोथर्मिया म्हणतात. हे नाव ऐकले की आपल्याला बर्फाळ प्रदेश आठवतात. पण वृद्धांना त्यासाठी बर्फ लागत नाही. मराठवाड्यातली पहाटेची दहा-बारा अंशांची थंडी, अंगावर घामाने किंवा दवाने ओलसर झालेले कपडे, वारा आणि रिकामे पोट एवढी सामग्री पुरते. वयाबरोबर त्वचेखालची चरबी आणि स्नायू कमी होतात, त्यामुळे ऊब तयारही कमी होते आणि टिकतेही कमी. त्वचेतल्या रक्तवाहिन्या थंडीत आकुंचन पावून आतली उष्णता राखतात. ती क्रिया मंदावते. थंडी वाजल्याची जाणीवच बोथट होते. रक्तदाबाची काही औषधे, झोपेच्या गोळ्या, थायरॉईडची उणीव, मधुमेहाने बधिर झालेल्या नसा यांची त्यात भर पडते. म्हणून वृद्ध व्यक्ती ‘मला थंडी वाजत नाही’ असे म्हणते तेव्हा त्यावर विसंबू नये. तिच्या पोटावर किंवा पाठीवर, कपड्यांच्या आत, हात लावून पाहावा. तिथे गार लागले तर ती धोक्याची खूण आहे. बोलणे अडखळणे, पेंगुळणे, चालताना तोल जाणे आणि आधी असलेले कुडकुडणे अचानक थांबणे या त्याच्या पुढच्या पायऱ्या.

मामा दोन दिवसांत बरे झाले. नंतरचे दुखणे मात्र औषधाने बरे होणारे नव्हते. घराच्या दाराला आतून वरची कडी बसवली गेली. मामांना फिरायला सोबत घेऊनच जायचे असा नियम झाला, आणि सोबतीला कोणाला वेळ नसल्यामुळे फिरणे थांबले. दोन महिन्यांत मांड्यांचे स्नायू ओसरले. भाकरी अर्धी झाली. दुपारभर झोप आणि रात्रभर जाग सुरू झाली. त्यांच्याबरोबर मामीही रात्रभर जागू लागल्या. थंडीने जे दोन तासांत केले नसते ते आमच्या काळजीने दोन महिन्यांत करून दाखवले.

त्या मार्चमध्ये एक लहानशी गोष्ट घडली. नोकरीनिमित्त अमेरिकेत असलेला त्यांचा नातू अलास्कातील अँकरेज शहरी गेला होता आणि त्याने तिथून एक चित्रफीत पाठवली. बर्फाच्या रस्त्यावर दुतर्फा गर्दी, कडेवर पोरे, काठी टेकीत आलेले म्हातारे, आणि मधून कुत्र्यांच्या लांबलचक जोड्या स्लेज ओढत निघालेल्या. इडिटारॉड नावाच्या प्रसिद्ध शर्यतीचा तो शुभारंभ होता. मामा उठून बसले. चष्मा मागवला. तीनदा पाहून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘यांना दम कुठं देतात?’’

जनावर जुंपणाऱ्या माणसाचाच तो प्रश्न होता. उत्तर शोधण्यासाठी मी वाचू लागलो आणि मला त्या शर्यतीत वैद्यकाचे दोन धडे सापडले.

पहिला धडा इतिहासाचा. १९२५ च्या जानेवारीत अलास्काच्या टोकाच्या नोम या गावात घटसर्पाची साथ सुरू झाली. गावात कर्टिस वेल्च हे एकच डॉक्टर. घटसर्पावरचे ताजे प्रतिविष जवळ नव्हते, बंदर गोठलेले, विमाने त्या हवेत निरुपयोगी. नेनाना या रेल्वेस्थानकापर्यंत औषध आले आणि तिथून सुमारे १,०८५ किलोमीटरचे अंतर वीस स्लेजचालकांनी व दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी टप्प्याटप्प्याने, साडेपाच दिवसांत पार केले. थंडी काही ठिकाणी उणे चाळीस अंशांच्या घरात होती. २ फेब्रुवारीला पहाटे औषध नोमला पोहोचले. शेवटच्या टप्प्यातला बाल्टो आणि सर्वांत लांब टप्पा ओढणारा टोगो ही कुत्री त्यामुळे अजरामर झाली. यातली मोलाची गोष्ट अशी की एकाच चालकाने किंवा कुत्र्यांच्या एकाच चमूने सारा भार ओढला नाही. प्रत्येकाने आपला टप्पा ओढला आणि ओझे पुढच्याच्या हाती दिले.

दुसरा धडा नियमाचा. बर्फावर धावणाऱ्या मोटारी आल्या आणि आपल्याकडे ट्रॅक्टर आल्यावर बैलांचे जे झाले तेच तिथे कुत्र्यांचे होऊ लागले. ही परंपरा टिकावी म्हणून जो रेडिंग्टन यांनी पुढाकार घेऊन १९७३ मध्ये अँकरेज ते नोम अशी सुमारे दीड हजार किलोमीटरची शर्यत सुरू केली. १९९७ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, ते स्वतः पुन्हा त्या शर्यतीत उतरले होते. या शर्यतीत प्रत्येकाला वाटेत एकदा सलग चोवीस तास आणि दोनदा आठ-आठ तास थांबावेच लागते. हा विसावा ऐच्छिक नाही. ‘माझी कुत्री ताजीतवानी आहेत’ हे कारण चालत नाही. मुक्कामाच्या ठिकाणी पशुवैद्य कुत्र्यांचे हृदय, सांधे, पंजे तपासतात. कुत्र्यांच्या पायांत कापडी मोजे असतात आणि ते सैल झाले, फाटले की बदलावे लागतात. या शर्यतीत जनावरांचे हाल होतात अशी टीका तिथेही आहे, आणि ती ऐकली गेलीच पाहिजे. पण सक्तीच्या विसाव्याची कल्पना मला उचलण्याजोगी वाटली.

मामांना मी ते वाचून दाखवले. ते म्हणाले, ‘‘मग मला दम देत देत न्या की माळेगावला.’’

नकाराला माझ्याकडे कारण उरले नाही. मात्र हाताशी नऊ महिने होते, ते आम्ही वाया जाऊ दिले नाहीत. आधी रोज दहा मिनिटे, मग वीस, असे चालणे पुन्हा सुरू केले. खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा सराव केला. दम्याचे औषध फवाऱ्यातून नीट घेता येते की नाही ते समोर बसून तपासले. अनेकांचे औषध घशातच राहते, फुप्फुसात जात नाही. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी निघण्याच्या महिनाभर आधी टोचल्या, कारण लसीचे संरक्षण तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. ज्यांच्या घरातील ज्येष्ठांना हिवाळी यात्रेला, उरुसाला किंवा शंकरपटाला जायचे आहे, त्यांच्यासाठी आमची बाकीची तयारी इथे देतो.

वेळ. पहाटेच्या दर्शनाचा हट्ट सोडावा. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, आणि हृदयविकाराचे झटके हिवाळ्याच्या सकाळी अधिक येतात. सकाळी दहा ते दुपारी चार ही वृद्धांची वेळ. देव दुपारीही देवळातच असतो.

कपडे. एका जाड स्वेटरपेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर अधिक ऊब देतात, कारण थरांमध्ये हवा अडकते. डोके, कान व मान झाकावी. पायांत मोजे आणि बंद, न घसरणारी पादत्राणे. मधुमेह्यांनी अनवाणी चालू नये. ‘नवस आहे’ असे असेल तर देवळाच्या पायरीपासून आत, स्वच्छ फरशीवर, मोजे घालून तो फेडावा. मुक्कामी पोहोचताच तळवे उजेडात पाहावेत. कुत्र्याचा पंजा जितक्या काळजीने पाहतात तितक्या काळजीने आपल्या वडिलांचा तळवा पाहण्यात कमीपणा नाही.

पाणी आणि खाणे. थंडीत तहान लागत नाही, आणि यात्रेत स्वच्छतागृह कुठे असेल या चिंतेने, विशेषतः स्त्रिया, पाणी पिणेच टाळतात. त्यातून लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ आणि चक्कर उद्भवते. पोहोचल्यावर पहिले काम स्वच्छतागृह शोधण्याचे करावे. दर तासाला थोडे कोमट पाणी द्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आपले प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. चंपाषष्ठीचे वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा हे थंडीचे उत्तम अन्न आहे, पण तेही बेताने. दर्शनापर्यंत उपाशी राहणे मधुमेह्यांसाठी धोक्याचे आहे.

औषधे. दोन दिवसांची अधिक औषधे, हातातल्या पिशवीत. प्रवासात लघवीला व्हावे लागते म्हणून त्यासाठीची गोळी अनेकजण मनानेच बंद करतात. तसे न करता वेळ बदलता येईल का हे डॉक्टरांना विचारावे.

भंडारा आणि धूळ. उधळलेला भंडारा कितीही पवित्र असला तरी दमेकऱ्याच्या श्वासनलिकेला तो भुकटीसारखाच लागतो. नाकातोंडावर मास्क लावावा, उधळण चालू असेल तेव्हा वाऱ्याच्या उलट बाजूला थांबावे आणि देवाचा भंडारा कपाळी लावून घ्यावा. शंकरपटांनाही हेच लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी बैलगाडा शर्यतींचा कायदा वैध ठरवल्यापासून अनेक आजोबांचे पाय पुन्हा पटाकडे वळले आहेत. त्यांनी धावपट्टीच्या कडेला उभे न राहता दूर, उंचावर, खुर्चीत बसूनच शर्यत पाहावी.

शेकोटी. बधिर पायांना शेकोटीत भाजल्याचे कळत नाही, म्हणून पाय हातभर लांब ठेवावेत. बंद खोलीत किंवा राहुटीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून कदापि झोपू नये. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साईड वायू वास न येता जीव घेतो. दारूने ऊब येते हाही भ्रमच. तिने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि शरीर अधिक लवकर गार पडते.

गर्दी. खिशात नाव, दोन भ्रमणध्वनी क्रमांक, आजार आणि औषधे लिहिलेली चिठ्ठी. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीबरोबर एक माणूस केवळ तिच्यासाठी असावा. चुकामूक झाली तर कुठे भेटायचे ते आधीच ठरवावे.

ज्यांची मुले कॅनडात किंवा अमेरिकेत आहेत आणि जे हिवाळ्यात तिकडचे बर्फोत्सव पाहायला जाणार आहेत, त्यांनाही हीच यादी उपयोगी पडेल. तिच्यात तीन गोष्टी वाढवाव्यात. इन्सुलिन गोठले की निकामी होते, म्हणून ते आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावे. बर्फावर छोटी पावले टाकावीत. आणि परदेशी आरोग्यविमा घेताना जुने आजार त्यात समाविष्ट आहेत का, हे वाचून घ्यावे.

आता माळेगावची हकिकत. गेल्या वर्षी आम्ही पाचजण निघालो. नांदेडपर्यंत रेल्वे, रात्रीचा मुक्काम, सकाळी नऊनंतर मोटारीने यात्रा. दर पाऊण तासाने मामांना बसवायचे, मग त्यांना गरज वाटो वा न वाटो. मामांनी घोडे पाहिले, एका गाढवाची किंमत उगाचच पाडून मागितली. श्वानांच्या जागी एका कारवानी कुत्र्यासमोर ते बराच वेळ उभे राहिले. दुपारी दर्शन झाले. श्वास नीट, तळहात उबदार. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो, तेवढ्यात मागे गलका झाला. मामी कोसळल्या होत्या.

त्यांना आडवे केले, पाय उंच केले. रक्तदाब फार खाली गेला होता. शुद्ध लगेच आली. साखर-मीठ-पाणी घोट घोट दिल्यावर तासाभरात त्या बसत्या झाल्या. मग हळूहळू कळले. मामांची औषधे, मोजे, फवारा लक्षात ठेवण्याच्या धास्तीने त्या दोन रात्री झोपल्या नव्हत्या. दर्शनापर्यंत अन्न घेतले नव्हते. मामांना सोडून स्वच्छतागृहात कसे जावे, म्हणून सकाळपासून पाणी प्यायल्या नव्हत्या. त्यांचे वय ७४, त्यांनाही रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, आणि हे सर्व मला ठाऊक होते. दोन पाने भरून केलेल्या माझ्या यादीत मामींचे नाव कुठेही नव्हते.

त्या लांबच्या शर्यतीत चालक मुक्कामाला पोहोचला की आधी कुत्र्यांना खाऊ घालतो, त्यांचे पंजे पाहतो, त्यांच्यासाठी गवत अंथरतो आणि मग उरला वेळ तर स्वतः झोपतो. जागरणाने चालकांना भास होतात हे तिथे सर्वश्रुत आहे. आपल्या घराघरांत असे चालक आहेत. बहुतेक वेळा ती पत्नी असते, सून असते, कधी लेक. तिच्या विसाव्याचा नियम कोणी लिहिलेला नाही, आणि ती स्वतः ‘मी दमले’ असे म्हणणार नाही.

म्हणून या वर्षीपासून आमच्या घरात सक्तीचा विसावा मामींनाही लागू आहे. आठवड्यातून एक पूर्ण दिवस आणि दोन रात्री मामांची जबाबदारी मुलगा आणि सून वाटून घेतात. त्या रात्री मामी वेगळ्या खोलीत झोपतात. सुरुवातीला त्या दार उघडून पाहायला येत. आता येत नाहीत. त्यांचा रक्तदाब तपासण्याची तारीख मामांच्या तारखेबरोबरच भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहिलेली आहे. दाराची वरची कडी काढून टाकली आहे.

कोणी जाऊच नये हेही स्पष्ट सांगतो. अलीकडच्या काही आठवड्यांत हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका आलेले, पायांना नव्याने सूज किंवा रात्री आडवे पडल्यावर धाप लागणारे, ताप किंवा कफ असलेले यांनी या वर्षी घरूनच हात जोडावेत. यात्रेत छातीत दाब, एका बाजूची शक्ती जाणे, तोंड वाकडे होणे, असंबद्ध बोलणे किंवा न थांबणारी धाप यांपैकी काही दिसले तर लिंबूपाणी आणि अंगारा यांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अंग गार पडले असेल तर ओले कपडे काढून कोरडे, उबदार पांघरूण घालावे, शुद्धीवर असल्यास गोड गरम पेय द्यावे. हातपाय जोराने चोळू नयेत.

परवा मामा तपासणीला आले होते. मामीही होत्या. मी आधी मामींना खुर्ची दिली आणि त्यांच्याच दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला. मामा थोडा वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, ‘‘अवंदा साताऱ्याला जाऊ. जवळ आहे. हिलाही बसत बसत येता येईल.’’